समितीत बसा, पण पोल मागा

१० जुलै २०२५ ला कडव्या डाव्या संघटनांवर बंदी घालण्याचा अधिकार सरकारला देणारं महाराष्ट्र विशेष जनसुरक्षा विधेयक विधानसभेत आवाजी मतदानानं मंजूर झालं. सभागृहात उभं राहून स्पष्ट विरोध करणारा आमदार एकच निघाला, डहाणूचे माकपचे विनोद निकोले. दुसऱ्या दिवशी विधान परिषदेत विरोधकांनी सभात्याग केला आणि विधेयक तिथूनही पार पडलं. त्यावरून विरोधी पक्षांच्या कार्यकर्त्यांत जी जुंपली, ती अजून धुमसतेच आहे. एक गट म्हणतो, विधेयक तपासायला दोन्ही सभागृहांची जी संयुक्त समिती नेमली होती, तिच्यात बसलातच कशाला? ज्यांनी तुमचे पक्ष फोडले त्यांच्याबरोबर चहा पीत कलमं दुरुस्त करता? दुसरा गट म्हणतो, बसलो म्हणूनच मसुद्यातले 'व्यक्ती आणि संघटना' हे मोघम शब्द गेले, तपास करणाऱ्या अधिकाऱ्याचा हुद्दा वाढला, सल्लागार मंडळाची रचना बदलली. बाहेर घोषणा देत राहिलो असतो तर मूळ मसुदाच कायदा झाला असता. मग पहिला गट दुसऱ्याला मिंधे म्हणतो आणि दुसरा पहिल्याला पोरकट.

मला दोघांचंही पटत नाही. समितीत बसणं चूक नव्हतं. बसल्यानंतर समितीच्या अहवालाला एकाही विरोधी सदस्यानं भिन्नमतपत्रिका, म्हणजे आपली लेखी असहमती, जोडली नाही आणि सभागृहात मतविभागणीचा, म्हणजे कुणाचं मत कुठे ते नावानिशी नोंदवणाऱ्या पोलचा, आग्रह धरला नाही, ही चूक होती. म्हणजे तडजोड करायची तिथे केली, पण ताणून धरायचं तिथेही तडजोडच केली. राजकीय प्रतिस्पर्ध्यांशी जुळवून घ्यावं की त्यांच्याशी दोन हात करावेत, हा प्रश्न आपण 'स्वभाव मवाळ की जहाल' अशा थाटात विचारतो, म्हणून त्याचं उत्तर सापडत नाही. माझं म्हणणं असं की मजकुरावर तडजोड करावी, अगदी मोकळ्या मनानं करावी. नोंदीवर आणि नियमावर मात्र इंचभरही मागे हटू नये. कोण कुठल्या बाजूला उभं होतं हे कागदावर उतरलं पाहिजे, आणि खेळाचे नियम आपल्या सोयीनं वाकवू द्यायचे नाहीत, आपणही वाकवायचे नाहीत.

हे मला कुठल्या ग्रंथात सापडलं नाही. तालुक्याच्या पेपरात वार्ताहरकी करत होतो तेव्हा एका नगरपरिषदेच्या सर्वसाधारण सभेत पाहिलं. उन्हाळ्याचे दिवस, पाणी चार दिवसांआड. विरोधी नगरसेवक डोक्यावर रिकामे माठ घेऊन सभागृहात आले आणि नगराध्यक्षांच्या टेबलासमोर ते फोडले. फोटोग्राफर पुढे धावले, खापऱ्या उडाल्या, घोषणा झाल्या, मग सगळे सभात्याग करून खाली रस्त्यावर. वर सभागृहात नगराध्यक्ष विषयपत्रिका वाचत होते: विषय क्रमांक नऊ, मंजूर; दहा, मंजूर; अकरा, मंजूर. पाइपलाइनच्या ठेक्याचा विषय सतरावा होता. तिथवर गाडी आली तेव्हा मागच्या बाकावरून एक आवाज आला, "अध्यक्ष महोदय, पोल घ्या." विरोधी पक्षातले एक वयस्कर नगरसेवक, सगळे त्यांना अण्णा म्हणत, जागेवरून उठलेच नव्हते. नगराध्यक्ष हसले. "अण्णा, तुम्ही एकटेच आहात. पोल कशाला?" अण्णा म्हणाले, "एकट्याचा तर एकट्याचा. नावं लिहा." आणि कारकुनाला झक मारून प्रत्येकाचं नाव पुकारून इतिवृत्तात लिहावं लागलं. सत्ताधाऱ्यांतल्या तिघांनी त्या वेळी नेमकं बाथरूमला जाणं पसंत केलं. सभा संपल्यावर हेच अण्णा नगराध्यक्षांबरोबर खालच्या टपरीवर कटिंग घेत होते आणि आपल्या वॉर्डातल्या दोन हातपंपांची यादी त्यांच्या खिशात कोंबत होते. दुसऱ्या दिवशी पेपरात फोटो माठांचा आला. मीच दिला होता.

आता ताणून धरणाऱ्यांच्या बाजूचं सगळ्यात भक्कम म्हणणं घेऊ. ते असं: समोरचा खेळाडूच नियम पाळत नसेल तर आपण पाळून काय पदरात पडणार? जून २०२२ ला शिवसेना फुटली, जुलै २०२३ ला राष्ट्रवादी. नाव गेलं, चिन्ह गेलं. २०२४ च्या विधानसभेत भाजपला १३२ जागा, आणि ठाकरेंच्या सेनेला २०, काँग्रेसला १६, शरद पवारांच्या पक्षाला १०. एकाही विरोधी पक्षाकडे एकूण जागांच्या दहा टक्के, म्हणजे २९ आमदार नाहीत, या कारणावरून विरोधी पक्षनेत्याची खुर्चीसुद्धा रिकामी ठेवली गेली. याच महाराष्ट्रात १९६२ ला काँग्रेसचे २६४ पैकी २१५ आमदार होते आणि शेतकरी कामगार पक्षाचे (शेकाप) अवघे १५, तरी कृष्णराव धुळप विरोधी पक्षनेते होते. दिल्लीत २०१५ ला ७० पैकी तीन आमदारांच्या भाजपला ते पद दिलं गेलं होतं. एवढी साधी रीत जो पाळत नाही, त्याच्याशी कसली देवाणघेवाण? हा संताप खोटा नाही. 'राजकारणात सुसंस्कृतपणा हवा' असं म्हणत व्यासपीठावर पुष्पगुच्छ देणाऱ्यांनी तो थट्टेवारी नेऊ नये. ज्याचं घर फुटलंय त्याला शेजारधर्म शिकवायला जाणं बरं दिसत नाही.

पण मग 'जशास तसे' चा हिशेबही मांडू या. महाविकास आघाडी सत्तेत होती तेव्हा तिनं जशास तसे करून पाहिलंच होतं. ५ जुलै २०२१ ला तालिका अध्यक्षांशी, म्हणजे अध्यक्षांच्या जागी कामकाज चालवणाऱ्या सदस्याशी, गैरवर्तन केल्याच्या आरोपावरून भाजपचे १२ आमदार वर्षभरासाठी निलंबित झाले. आघाडीच्या कार्यकर्त्यांना त्या दिवशी केवढं समाधान वाटलं होतं! २८ जानेवारी २०२२ ला सर्वोच्च न्यायालयानं ते निलंबन घटनाबाह्य ठरवलं. चालू अधिवेशनापलीकडे निलंबन नेता येत नाही, कारण त्यात शिक्षा आमदाराला नव्हे, त्याच्या मतदारसंघाला होते. पुढे डिसेंबर २०२३ ला संसदेच्या दोन्ही सभागृहांतून मिळून १४६ विरोधी खासदार निलंबित झाले आणि जवळपास रिकाम्या बाकांसमोर तीन नवे फौजदारी कायदे मंजूर करण्यात आले. तेव्हा आपण गळा काढला आणि तो रास्तच होता. पण मुंबईत बारा जणांना वर्षभर बाहेर ठेवताना टाळ्या वाजवणाऱ्याचा आवाज दिल्लीत थोडा घोगरा होणारच.

गंमत म्हणजे, जिथे खरोखर ताणायला हवं होतं तिथे तीच आघाडी सैल पडली. नाना पटोल्यांनी फेब्रुवारी २०२१ ला विधानसभा अध्यक्षपद सोडलं. नवा अध्यक्ष बसला ३ जुलै २०२२ ला, सरकार पडल्यावर, आणि तो समोरच्यांचा. मधले सतरा महिने खुर्ची रिकामी. गुप्त मतदानात आपलीच मतं फुटतील ही धास्ती, मग आवाजी मतदानासाठी नियम बदलण्याची खटपट, मग राज्यपाल तारीख देत नाहीत ही तक्रार. राज्यपालांचं वागणं समर्थनीय होतं असं मी म्हणत नाही. विधान परिषदेवरच्या बारा नामनियुक्त सदस्यांची यादी तर त्यांनी दाबूनच ठेवली. पण पहिलं वर्ष उलटत आलं तोवर कुणी हात धरला होता? जून २०२२ मध्ये आमदार सुरतेला आणि तिथून गुवाहाटीला गेले, तेव्हा त्यांना अपात्रतेच्या नोटिसा द्यायला पूर्णवेळ अध्यक्षच नव्हता; उपाध्यक्ष होते, आणि त्यांच्यावरही बंडखोरांनी अविश्वासाची नोटीस टाकून ठेवली. मग २९ जूनला उद्धव ठाकऱ्यांनी बहुमत चाचणीआधीच राजीनामा दिला. अनेकांना त्यात खानदानीपणा दिसला, आणि एका अर्थी तो होताही. पण ११ मे २०२३ ला घटनापीठानं काय म्हटलं ते आठवा. राज्यपालांचा चाचणीचा आदेश समर्थनीय नव्हता, पण मुख्यमंत्र्यांनी चाचणीला तोंड न देताच राजीनामा दिल्यामुळे जुनं सरकार परत आणता येत नाही. हरायचं तर सभागृहात, एकेका आमदाराचं नाव पुकारून, नोंद करून हरायला हवं होतं. त्या नोंदीची किंमत सरकारएवढी निघाली.

आक्रमकपणा म्हणजे आवाज, ही आपली समजूत जुनी आहे. तिचं मूळ १९०७ च्या सुरतेपर्यंत जातं. काँग्रेसच्या अधिवेशनात टिळकांना दुरुस्ती मांडायची होती. तशी चिठ्ठी त्यांनी आधी दिलेली होती. बोलू देत नाहीत म्हटल्यावर ते मंचावर गेले आणि हाताची घडी घालून उभे राहिले. तेवढ्यात गर्दीतून दख्खनी जोडा आला, सुरेंद्रनाथ बॅनर्जींना आणि फिरोजशहा मेहतांना लागला, मग खुर्च्या, काठ्या, पोलिस. शाळेपासून आपल्याला तो जोडाच आठवतो. पण दोन कृती वेगळ्या आहेत. हाताची घडी घालून दुरुस्तीचा हक्क मागणं हे ताणून धरणं होतं. जोडा भिरकावणं ही नुसती मोडतोड होती, आणि तिची किंमत जहालांनीच जास्त मोजली. पुढल्या वर्षी टिळक मंडालेला गेले, सरकारला एकेक करून जहाल वेचायला रान मोकळं झालं, आणि काँग्रेस पुढली काही वर्षं अर्जविनंत्यांचं मंडळ होऊन बसली. एकत्र यायला १९१६ चं लखनौ उजाडावं लागलं. तोपर्यंत गोखले गेले होते, मेहताही गेले होते.

बरं, नियमात राहून ताणलं तरी ते नेहमी फळतं का? नाही. हेही मान्य करायला हवं. मधू लिमये यांच्याइतका संसदीय नियमांचा जाणकार विरळा. आणीबाणीत लोकसभेची मुदत वाढवली तेव्हा लोकांनी पाच वर्षांसाठी निवडून दिलंय असं म्हणून त्यांनी तुरुंगातून खासदारकीचा राजीनामा दिला. ताणण्याचा याहून स्वच्छ नमुना मला माहीत नाही. स्वतःच्या खिशातून मोजलेली किंमत होती ती. पण त्याच लिमयांनी जनता पक्षात दुहेरी सदस्यत्वाचा, म्हणजे पक्षात राहून संघाचंही सदस्य असावं का हा, प्रश्न लावून धरला. जुलै १९७९ मध्ये सरकार गेलं आणि सहा महिन्यांत इंदिरा गांधी परत आल्या. प्रश्न तत्त्वाचा होता, हे खरं. पण स्वतःच्याच आघाडीत, पर्याय हाताशी नसताना, शेवटच्या टोकापर्यंत ताणलं की दोरी कुठे तुटेल हे आपल्या हातात राहत नाही. लिमयांचे चाहते यावर रागावतील. मीही त्यांचा चाहताच आहे.

आता दुसरी बाजू. तडजोडवाल्यांकडे महाराष्ट्रातलं एक उदाहरण असं आहे की त्यापुढे मीही मान तुकवतो: रोजगार हमी योजना. कल्पना वि. स. पागे यांची, ते काँग्रेसचे, विधान परिषदेचे सभापती. १९७२ चा दुष्काळ पडला, खडी फोडायच्या कामांवर लाखो माणसं आली. मागेल त्याला काम हा हक्क म्हणून मान्य करावा यावर सत्ताधारी आणि विरोधक हळूहळू एका जागी आले. शहरातल्या नोकरदारांवर त्यासाठी व्यवसाय कर बसला. कायदा १९७७ चा, अंमल २६ जानेवारी १९७९ पासून. दरम्यान मुख्यमंत्री बदलले, काँग्रेस जाऊन शरद पवारांचं पुलोद आघाडीचं सरकार आलं, योजना टिकली. पुढे २००५ ला देशाचा रोजगार हमी कायदा झाला त्यालाही हा पाया उपयोगी पडला. नुसत्या भांडणातून हे उभं राहिलं असतं का? मुळीच नाही.

पण या गोष्टीतला अर्धा भाग आपण सोयीनं गाळतो. पाग्यांची कल्पना दुष्काळाच्या आधीपासून होती. ती कागदावरून रानात आली, कारण त्याच वर्षांत शेकाप, समाजवादी, कम्युनिस्ट तहसील कचेऱ्यांवर मोर्चे नेत होते, कामाची मागणी करत होते. मुंबईत मृणाल गोरे आणि इतर बायका महागाईविरुद्ध लाटणी घेऊन रस्त्यावर होत्या. सरकारनं हात पुढे केला तो नुसत्या सद्भावनेपोटी नव्हे. बाहेर माणसं उभी होती. आणि तडजोड झाली ती कायद्याच्या रूपात, कलमांसह, विधिमंडळाच्या देखरेख समितीसह. ती कुणालाही चारचौघांत वाचून दाखवता येत होती.

हा 'चारचौघांत वाचून दाखवता येणं' हा मुद्दा मला फार महत्त्वाचा वाटतो, कारण आपल्याकडे तडजोड हा शब्द नासलाय तो नेमका तिथेच. जिल्हा बँकेची निवडणूक आली की रात्रभर एका बंगल्यावर बसून 'सर्वपक्षीय पॅनेल' होतं. वर सभेत एकमेकांची आईबहीण काढणारे खाली एकाच पॅनेलवर. कारखान्याची निवडणूक बिनविरोध. बाजार समितीत अडीच वर्षं तुम्ही, अडीच वर्षं आम्ही. याला गावात कुणी तडजोड म्हणत नाही, सेटिंग म्हणतात. फलाणा 'मॅनेज झाला' म्हणतात. वरून कीर्तन, आतून तमाशा. ज्या मतदारानं हे तीस-चाळीस वर्षं पाहिलंय, त्याला तुम्ही 'समितीत बसून कलम सौम्य करून आणलं' असं सांगायला गेलात तर तो आधी तुमचा खिसाच बघणार. तो चुकतोय असं मी म्हणणार नाही. म्हणूनच समितीत बसणाऱ्यानं दुप्पट काळजी घ्यायला हवी: काय मागितलं, काय मिळालं, काय नाकारलं गेलं, आणि नाकारल्यावर आपण काय लिहून दिलं. भिन्नमतपत्रिका ही कटकट नसते. आपण सेटिंग केलं नाही याची ती पावती असते.

तडजोड आणि सेटिंग यांच्यामधली भिंत किती पातळ असते याचा एक जुना नमुना वऱ्हाडातला आहे. १९२३ च्या निवडणुकीत स्वराज्य पक्ष मध्यप्रांताच्या कौन्सिलात बहुमतानं आला. धोरण ठरलेलं होतं: आत जायचं, पण सत्तापद घ्यायचं नाही, काही खाती मंत्र्यांकडे आणि काही गव्हर्नरकडे ठेवणारी द्विदल राज्यपद्धती चालू द्यायची नाही. त्यांनी काय करावं? अर्थसंकल्प फेटाळला आणि मंत्र्यांचा पगार कापून वर्षाला दोन रुपये केला. दोन रुपये! एक माठ फुटला नाही, एक खुर्ची उडाली नाही, आणि सरकारचा गाडा रुतला. गव्हर्नरला मंत्र्यांची खाती स्वतःकडे घ्यावी लागली. पुढे १९२५ मध्ये याच पक्षाचे, कौन्सिलचे अध्यक्ष असलेले अमरावतीचे श्रीपाद बळवंत तांबे गव्हर्नरच्या कार्यकारी मंडळात जाऊन बसले. मोतीलाल नेहरू सडका अवयव कापून टाकण्याची भाषा बोलू लागले, पक्षातल्याच न. चिं. केळकर आणि मु. रा. जयकरांना त्यात एवढं वावगं दिसलं नाही, पक्ष चिरफाळला. तांब्यांनी मोबदल्यात पक्षाला काय मिळवून दिलं? काही नाही. मिळालं ते त्यांना. आजकाल 'मतदारसंघाच्या विकासासाठी' जे सत्ताधारी पक्षात जातात, त्यांना हाच एक प्रश्न विचारावा. तडजोडीतून आलेलं कुणाच्या घरी गेलं?

केळकर आणि जयकर ज्या विचाराचा आधार घेत होते तो टिळकांचा, आणि टिळकांच्या बाबतीत तो अधिक कसदार होता. माँटेग्यू-चेम्सफर्ड सुधारणांचा कायदा झाला, डिसेंबर १९१९ मध्ये अमृतसरची काँग्रेस भरायची होती, तिकडे जाता जाता वाटेतूनच टिळकांनी तार करून प्रतियोगी सहकाराचं धोरण जाहीर केलं. सरकार जेवढ्या प्रमाणात सहकार्य करेल तेवढ्याच प्रमाणात आम्ही करू. सुधारणा अपुऱ्या आहेत, निराशाजनक आहेत, हे ठरावात स्वच्छ म्हणायचं. पण मिळालंय ते वापरायचं आणि उरलेल्यासाठी भांडत राहायचं. मराठीतला हा शब्द आपण परीक्षेपुरता पाठ करून सोडून दिला. त्यातला 'प्रतियोगी' हा भाग विसरलं की नुसता सहकार उरतो, आणि 'सहकार' विसरलं की सुरतेचा जोडा.

या सगळ्याचा सगळ्यात मोठा दाखला अर्थातच संयुक्त महाराष्ट्राचा. आज दोन्ही बाजू तो आपापल्या सोयीनं कापून वापरतात. तडजोडवाले यशवंतरावांचा फोटो लावतात: बेरजेचं राजकारण, दिल्लीचं मन वळवलं, मंगल कलश आणला. लढाऊ मंडळी हुतात्मा चौक दाखवतात: १०६ माणसं मेली, तेव्हा मुंबई मिळाली, कुणी ताटात वाढून दिली नाही. दोन्ही खरं आहे, आणि सुटं सुटं घेतलं तर दोन्ही खोटं आहे. १९५५ अखेर यशवंतराव संयुक्त महाराष्ट्रापेक्षा नेहरूंचं नेतृत्व मोठं असं म्हणाले, तेव्हा त्या नरमाईतून मराठी माणसाच्या पदरात काही पडलं नव्हतं. वर्षभरात मराठी-गुजराती मिळून एकच द्वैभाषिक राज्य पदरात पडलं. चिंतामणराव देशमुखांनी मात्र १९५६ ला केंद्रीय अर्थमंत्रिपद सोडलं आणि लोकसभेत उभं राहून का सोडतोय ते सांगितलं. संयुक्त महाराष्ट्र समिती फेब्रुवारी १९५६ ला पुण्यात स्थापन झाली, त्यात एकमेकांचं तोंड न बघणारे कम्युनिस्ट, प्रजासमाजवादी, शेकाप आणि शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशन एकत्र आले. हीसुद्धा तडजोडच होती, आणि आतल्या आत ती किती कठीण होती ते एस. एम. जोशींनाच ठाऊक. १९५७ च्या निवडणुकीत पश्चिम महाराष्ट्रात आणि मुंबईत काँग्रेसची दाणादाण उडाली. खुद्द यशवंतराव कराडमधून जेमतेम निघाले. सरकार टिकलं ते गुजरात, विदर्भ, मराठवाड्याच्या जागांवर.

त्यानंतरचं ३० नोव्हेंबर १९५७ चं प्रतापगड पाहा. नेहरू शिवाजी महाराजांच्या पुतळ्याच्या अनावरणाला येणार. समितीतल्या काहींना कार्यक्रमच उधळायचा होता. झालं काय, तर रस्त्याच्या कडेनं, घाटात, हजारो माणसं काळे झेंडे घेऊन उभी राहिली आणि दगड उडाला नाही. नेहरूंनी ते गाडीतून पाहिलं. हा आक्रमकपणा नव्हता असं कोण म्हणेल? आणि ही सौजन्यशीलता नव्हती असं तरी कोण म्हणेल? यशवंतरावांना दिल्लीत जे बोलता आलं ते या दोन गोष्टींच्या बळावर: १९५७ च्या निकालाचा तक्ता आणि प्रतापगडचा रस्ता. समिती नसती तर यशवंतरावांच्या तडजोडीला विचारलं कुणी असतं? आणि यशवंतरावांसारखा माणूस आतून बोलणारा नसता तर समितीचा दाब कुठल्या दारातून आत गेला असता? १ मे १९६० ला जे मिळालं त्यातही बेळगाव नव्हतं, कारवार नव्हतं, डांग नव्हतं. समितीनं तरी ते स्वीकारलं, आणि सीमाभागाचं भांडण आजतागायत चालू आहे. दोन वर्षांत समिती विस्कटली आणि १९६२ ला काँग्रेसनं २१५ जागा घेतल्या. ताणणाऱ्याला श्रेय आणि खुर्ची मिळतेच असं नाही, हेही तिथेच लिहून ठेवलंय.

इतिहासातले दाखले देताना आपली एक खोड आहे. मवाळ माणूस १६६५ चा पुरंदरचा तह काढतो, महाराजांनीसुद्धा तेवीस किल्ले दिलेच की. जहाल माणूस १६७० चा सिंहगड काढतो. मधली पाच वर्षं कुणी काढत नाही. त्या वर्षांत कोण कुठे बसून काय जमवत होतं, याच्यावर पोवाडा होत नाही ना.

तर आजच्या विरोधी पक्षांनी काय करावं? विरोधी पक्षनेतेपद हा नियमाचा आणि रीतीचा प्रश्न आहे. तिथे दर अधिवेशनाच्या पहिल्या दिवशी धुळपांचे पंधरा आमदार आठवून द्यावेत आणि त्यावर कुठलीही देवघेव करू नये. 'ते पद देतो, त्या विधेयकावर गप्प बसा' असा निरोप आला तर तो निरोपच सभागृहात वाचून दाखवावा. उलट कांदा, कापूस, पाणी, पीकविमा यांवर सरकारनं समिती नेमली तर धावत जाऊन बसावं, आपल्या सूचना आधी छापून वाटाव्यात, चार मान्य झाल्या तर सरकारचं नाव घेऊन सांगावं. जनसुरक्षेसारख्या कायद्यात, जिथे कलम सौम्य झालं तरी मुळातला अधिकारच घातक वाटतो, तिथे कलमही सौम्य करून घ्यावं आणि शेवटी मतविभागणीही मागावी. यात विसंगती कुठे आहे? वकील जामिनासाठी अर्ज करतो म्हणून अशिलानं गुन्हा कबूल केला असं आपण म्हणतो का? सभात्याग हे तर मला सगळ्यात आळशी हत्यार वाटतं. बाहेर पायऱ्यांवर कॅमेरे असतात हे खरं, पण सभागृहातल्या नोंदीत बाहेर गेलेल्या माणसाचं मत विरोधात पडत नाही. ते पडतच नाही.

कुणी म्हणेल, हरणारं मत नोंदवून काय होतं? बहुमत त्यांचं, विधेयक त्यांचं. मला परत ती नगरपरिषद आठवते. चारेक वर्षांनी त्या पाइपलाइनची चौकशी लागली. नळाला पाण्याआधी हवाच जास्त यायची. ठेका कुणी मंजूर केला यावर सगळेच म्हणायला लागले की आम्ही तर विरोधातच होतो, माठ नाही का फोडले, पेपरात फोटो आहे. फोटो होता हे खरं. पण इतिवृत्तात सभात्याग करणाऱ्यांपैकी कुणाचंच नाव त्या ठरावाविरुद्ध नव्हतं. ठराव एक विरुद्ध बाकी सगळे असा मंजूर झालेला होता. मी अण्णांच्या घरी गेलो तेव्हा ते ओसरीवर दाण्याच्या शेंगा फोडत बसले होते. नगराध्यक्षांचा मुलगा माझ्या आधीच तिथे येऊन बसलेला, वडिलांना यातून कसं सोडवता येईल ते विचारायला. अण्णांनी मला त्याच्या शेजारी सतरंजीवर जागा करून दिली, शेंगांची पाटी मधे सरकवली आणि विचारलं, "नक्कल काढलीस का? पान एकशे बेचाळीस. आधी ते दोघं मिळून वाचा, मग बोलू."